नदीकाठची सायकलवाट



ज्या शाळेने मला अक्षरओळख करून दिली, तिच्याच व्यासपीठावर गुरुजींच्या स्मरणार्थ दोन शब्द बोलावयास मिळावेत, हा माझा मोठा सन्मान आहे. व्याख्यानाचा विषय कळवा, असे पत्र आले तेव्हा मी 'नदीकाठची सायकलवाट' असे लिहून पाठविले. चार दिवसांनी चिटणीसांचा फोन आला. मोठ्या अदबीने ते म्हणाले, "सर, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना? संतसाहित्यावर बोलाल अशी आमची समजूत होती." मी म्हटले, चूक झालेली नाही. संतसाहित्यावर मी पस्तीस वर्षे बोललो. पण ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला जे शिकविले त्यातले पुष्कळसे सायकलवरून शिकविले, आणि त्याबद्दल मी आजवर एक अक्षरही बोललेलो नाही. आज ते ऋण मान्य करावयाचे आहे.

गुरुजी आम्हाला इतिहास शिकवीत. त्यांची सायकल काळी, उंच, मागे लोखंडी कॅरिअर असलेली. पावसाळ्यात तिच्या सीटवर ते आपली जुनी टोपी घालून ठेवीत, स्वतः मात्र भिजत येत. १९६३ च्या हिवाळ्यात, मी आठवीत असताना, त्यांनी वर्गात जाहीर केले, "येत्या रविवारी ज्याला सायकल येते त्याने सकाळी सहा वाजता शनवारा दरवाजापाशी यावे. ज्याला येत नाही त्याने शनिवारपर्यंत शिकून घ्यावी."

माझ्या घरी सायकल नव्हती. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांची स्थिती तीच होती. तेव्हा भाड्याच्या सायकली मिळत. नवे पैसे सुरू होऊन सहा वर्षे झाली होती, तरी दुकानदार चाचा तासाला दोन आणे असाच हिशेब सांगत. मोठ्या सायकलवर पाय पोचत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून, अंग एका बाजूला झुकवून आम्ही ती चालवीत असू. त्या प्रकाराला आम्ही 'कैची' म्हणत असू. हा शब्द हिंदीतला. तिची चेन आणि पायडल इंग्रजीतले, तिला लागणारी 'हवा' फार्सीच्या वाटेने आलेली, आणि पडल्यावर तोंडून निघणारे 'आई गं' तेवढे शुद्ध मराठी! बुऱ्हाणपूरच्या मुलाचे भाषाशिक्षण सायकलच्या दुकानात सुरू होते, असे मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांना गमतीने सांगत असे. ते अगदीच खोटे नव्हते.

त्या पहिल्या रविवारी गुरुजींनी आम्हाला तापीवर नेले नाही. त्यांनी आम्हाला उलट दिशेला, लालबागकडे, कुंडी भंडाऱ्यावर नेले. मुलांनो, तुम्ही हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे वाचता, ते रहीम म्हणजेच अब्दुल रहीम खानखाना. ते येथे मोगलांचे सुभेदार असताना, इ. स. १६१५ च्या सुमारास, ही पाणीयोजना झाली. सातपुड्याच्या बाजूने झिरपत येणारे पाणी जमिनीखाली अडवावयाचे, विहिरींची ओळ खणावयाची, त्या विहिरी भुयाराने एकमेकींना जोडावयाच्या आणि केवळ उताराच्या बळावर ते पाणी शहरात आणावयाचे, अशी ती रचना. इराणात 'कनात' नावाने ही विद्या फार प्राचीन काळापासून चालत आली. आपल्याकडे शंभराहून अधिक कुंड्यांची ही मालिका आहे. ना मोट, ना रहाट, ना पंप. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत तिचे नाव गेले, तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आले.

पण गुरुजींनी आम्हाला त्या दिवशी यातले काहीच आधी सांगितले नाही. जाताना आम्ही धापा टाकीत गेलो. परतताना ते म्हणाले, "आता पायडल मारू नका. नुसते बसा." सायकली आपोआप चालू लागल्या. कोठे वेग मंदावे, कोठे वाढे, पण शहराच्या दिशेने त्या जात राहिल्या. बऱ्याच अंतरावर थांबून त्यांनी विचारले, "काय कळले?" आम्ही गप्प. "तुमच्या चाकाला जो उतार आत्ता कळला, तोच त्या पाण्याला साडेतीनशे वर्षांपासून कळतो आहे. खणणाऱ्यांनी आधी तो ओळखला, मग कुदळ उचलली." पायाने जाणाऱ्याला तो उतार जाणवत नाही, इतका तो सौम्य आहे. मोटारीत बसलेल्याला तर मुळीच जाणवत नाही. तो फक्त सायकलला जाणवतो. आपल्या गावाची जमीन नदीकडे झुकलेली आहे, हे मला त्या दिवशी चाकाने सांगितले.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही तो उतार धरून नदीवर गेलो. आपली नदी बैतुल जिल्ह्यातील मुलताईजवळ उगम पावते आणि सुरतेपुढे अरबी समुद्राला मिळते. एकूण प्रवास ७२४ किलोमीटरांचा. येथे हिंदीत ती ताप्ती, सीमेपलीकडे रावेरात आणि भुसावळात ती तापी. या दोन उच्चारांच्या मधोमध राज्यांची सरहद्द आहे, पण पाण्याला ते कोणी कळविले नाही. ती पश्चिमवाहिनी आहे. त्यामुळे सकाळी काठाने प्रवाहाविरुद्ध निघाले की सूर्य समोर असतो आणि परतताना पाठीवर. दिशा शिकविण्यासाठी गुरुजींना होकायंत्र लागले नाही.

राजघाट, सतियारा घाट, नागझिरी घाट ही नावे तुम्हाला ठाऊक आहेत. प्रत्येक घाटापाशी सायकली उभ्या करून पाच मिनिटे थांबावयाचे, हा नियम. शाही किल्ल्याची भिंत वर, खाली पात्र, आणि पात्रात तो दगडी हत्ती. हत्तीचे पाय दिसले तर उन्हाळा, पोट बुडाले तर श्रावण, आणि हत्तीच दिसेनासा झाला तर शाळेला सुट्टी, असे आमचे पंचांग होते. धोब्यांच्या दगडांवर कपडे आपटल्याचा आवाज आधी दिसे आणि मग ऐकू येई. ध्वनीला वेळ लागतो, हे पदार्थविज्ञानाचे सत्य मला तेथे कळले.

मग नावेत सायकली घालून आम्ही पलीकडे जैनाबादला गेलो. फारुकी सुलतान नसीरखान याने पंधराव्या शतकाच्या उंबरठ्यावर अलीकडच्या तीरावरील गावाला बुऱ्हाणुद्दीन या सूफी संताचे नाव दिले, आणि पलीकडच्या गावाला त्यांचे शिष्य झैनुद्दीन यांचे. गुरू एका तीरावर, शिष्य दुसऱ्या तीरावर, मध्ये नदी. मला ही कल्पना अजूनही फार आवडते. तेथे आहुखान्याच्या बागेत १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहलला प्रथम दफन केले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा देह आग्ऱ्याला नेण्यात आला. "ताजमहाल खरे तर येथेच बांधावयाचा होता, असे लोक सांगतात," असे आमच्यातला एक जण म्हणाला. गुरुजी म्हणाले, "लोक सांगतात ते ऐकावे, पण वहीत लिहिताना 'लोक सांगतात' हे दोन शब्दही लिहावेत." पुढे प्रबंध लिहिताना मला जेवढ्या संशोधनपद्धती शिकाव्या लागल्या, त्या सगळ्यांचे सार या एका वाक्यात होते.

आणि चौथी वाट राजाच्या छत्रीची. शहरापासून साधारण चार मैल. वर्गात पुरंदरच्या तहाचा पाठ झाला होता. १६६५ साली शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले तो तह. मिर्झाराजे जयसिंगांचे नाव काढताच आमच्या मुठी आवळत. त्या रविवारी तापी आणि मोहना यांच्या संगमावर त्या छत्रीखाली बसवून गुरुजींनी विचारले, "हे कोणाचे?" कोणालाच माहीत नव्हते. "मिर्झाराजांचे. दक्षिणेतून परत निघालेला हा म्हातारा सेनापती १६६७ साली बुऱ्हाणपुरात वारला." मग बराच वेळ कोणी बोलले नाही. पुस्तकातला शत्रू आमच्याच नदीकाठी येऊन मेला होता. त्याचाही शेवट झाला होता, तोही घरापासून दूर. इतिहासात माणसे असतात, हे मला त्या संगमावर कळले.

येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती माझ्या बाजूची नाही. माझी थोरली बहीण याच शाळेत माझ्या एक वर्ष पुढे होती. तिलाही यावयाचे होते. कैची ती माझ्या आधी शिकली होती. गुरुजी स्वतः आमच्या घरी आले आणि म्हणाले, "मुलीला पाठवा, मी जबाबदार आहे." वडिलांनी चहा दिला आणि नकार दिला. मी तेथेच दारात उभा होतो. एक शब्द बोललो नाही. माझी परवानगी जाईल, या भीतीने गप्प राहिलो. पुढे नव्वदीच्या दशकाच्या आरंभी तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, त्याचे वृत्तान्त मी वाचले. अक्षर आणि सायकल या दोन्ही गोष्टी एकत्र शिकवाव्याशा वाटल्या, त्या माणसांना माझा नमस्कार. ते वाचताना मला आमच्या दारातला तो चहाचा कप आठवत होता. आज मध्य प्रदेश शासन गावाबाहेर शिकावयास जाणाऱ्या सहावी आणि नववीच्या मुलामुलींना सायकली देते. समोर बसलेल्या मुलींपैकी कितीतरी जणी सायकलने आल्या असतील. ही गोष्ट लहान नाही.

पण सायकल हातात आली, तरी ती नेणार कोठे, हा प्रश्न उरतोच, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

पदव्युत्तर शिक्षणासाठी मी पुण्यास गेलो. ते तेव्हा सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. सकाळी रस्त्यांवरून घंट्यांचा ओघ वाहत असे. पाहता पाहता स्कूटर आल्या, मोटारी आल्या, आणि मुठेच्या पात्रातूनच एक रस्ता निघाला. जवळची वाट म्हणून वाहने त्यावरून धावू लागली. धरणातून पाणी सोडले की तो रस्ता आणि शेजारचा भिडे पूल पाण्याखाली जातो, तेवढे दिवस नदी आपली जागा परत मागून घेते. अहमदाबादेत २०१२ साली साबरमतीचा काठ दोन्ही बाजूंनी बांधून काढून लोकांसाठी खुला झाला. फिरावयास जागा झाली, हे खरे. पण काठावर झोपड्यांत राहणाऱ्या हजारो कुटुंबांना त्यासाठी उठावे लागले, आणि जी नदी चढत होती, उतरत होती, ती आता भिंतींमध्ये एका पातळीवर उभी असते. एका ठिकाणी काठ वाहनांना दिला गेला, दुसऱ्या ठिकाणी तो शोभेला दिला गेला.

काही वर्षांपूर्वी माझी मुलगी नेदरलँड्समध्ये होती, तेव्हा तेथे दोन महिने राहण्याचा योग आला. कालव्याच्या काठाने आठ-नऊ वर्षांची मुले एकटी सायकलने शाळेत जात होती. मला वाटले, हा सपाट देश, हे लोक जन्मजात सायकलवाले. चौकशी केली तेव्हा समजले की तसे नाही. महायुद्धानंतर तेथेही मोटारींसाठी गल्ल्या रुंद झाल्या होत्या, आणि १९७१ या एका वर्षात चारशेहून अधिक मुले रस्त्यांवर मृत्यू पावली होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर आले, 'मुलांचे बळी थांबवा' म्हणू लागले. १९७३ च्या तेलटंचाईने सरकारलाही जाग आली. त्यानंतर त्या वाटा झाल्या. म्हणजे त्या देशाला सायकलवाट निसर्गाने दिली नाही, पालकांनी मागून घेतली.

आता आपल्या घराकडे वळू. माझ्या लहानपणी ताप्ती मिलची पाळी सुटली की लालबागच्या रस्त्यावर सायकलींचा पूर येई. मिलची यंत्रे २०२० च्या टाळेबंदीत थांबली. रस्त्यावरच्या सायकली मात्र त्याआधीच थांबत आल्या होत्या. मागच्या वर्षी मी त्याच वाटांनी पुन्हा फिरून पाहिले, अर्थात पायी आणि रिक्षाने, कारण माझे गुडघे आता इतिहासजमा झाले आहेत. घाट आहेत, किल्ला आहे, छत्री आहे. फक्त त्यांना जोडणारी, मुलाने निर्धास्तपणे जावे अशी सलग वाट उरलेली नाही. एकेक स्थळ पाहता येते. एकापासून दुसऱ्याकडे जाताना मात्र मुलाला मालमोटारींच्या मधून जावे लागते. अशा वेळी शहाणे आईबाप मुलाला पाठवीत नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही. पण त्याचा परिणाम असा की, आपली मुले सुटीत मोटारीने दूरचे किल्ले पाहून येतात आणि आपल्या दगडी हत्तीला ओळखत नाहीत.

गुरुजींची आणि माझी शेवटची भेट १९९४ सालची. मी दिवाळीत गावी आलो होतो, नवी मोटार घेऊन. खरे सांगावयाचे तर ती त्यांना दाखविण्याचाही थोडा हेतू होता. ते ऐंशीच्या घरात होते, सायकल सुटून बरीच वर्षे झाली होती. म्हणाले, "मला एकदा घाटावर नेशील?" मी मोठ्या उत्साहाने त्यांना पुढच्या सीटवर बसविले. बाजाराचा दिवस होता. घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी हातगाड्या, रिक्षा, समोरून येणारी दुसरी मोटार. अर्धा तास आम्ही तेथे अडकून होतो. नदी दोनशे पावलांवर होती. त्यांना तेवढे चालवत नव्हते आणि मला मोटार सोडून जाता येत नव्हते. शेवटी ते म्हणाले, "राहू दे. सायकल असती तर पोचलो असतो." मी मोटार कशीबशी मागे घेतली. उद्या पहाटे नेतो, असे म्हणालो. दुसऱ्या दिवशी पहाटे मला परत निघावयाचे होते, हे मला तेव्हाही माहीत होते. पुढच्या पावसाळ्यात ते गेल्याचे पत्र आले.

मित्रहो, हे मी आपणास डोळ्यांत पाणी आणण्यासाठी सांगत नाही. ज्या विद्यार्थ्याला त्यांनी सायकलवर बसवून नदीपर्यंत नेले, तो तीस वर्षांनी चार चाके घेऊन आला आणि त्यांना नदीपर्यंत नेऊ शकला नाही, एवढी वस्तुस्थिती मला नोंदवावयाची आहे.

म्हणून माझी मागणी थोडी आहे. मला भिंती नकोत, कारंजी नकोत, रंगीत दिवे नकोत. घाटांना जोडणारी, दोन सायकली शेजारून जातील एवढी, मुरुमाची किंवा दगडी फरसाची वाट हवी. ती पावसाळ्यात बुडेल, बुडू द्यावी. नदीकाठच्या वाटेने वर्षातून काही दिवस नदीला जागा द्यावी, हा तिचा धर्मच आहे. तिच्या कडेला वड, निंब, जांभूळ असावेत. धोब्यांचे दगड आणि नावाड्यांच्या नावा जेथे आहेत तेथेच राहाव्यात. काठावरच्या कोणाही माणसाला उठवून ती वाट होणार असेल, तर मला ती नको. आणि ती होईपर्यंत निदान रविवारी सकाळी सहा ते नऊ एवढा वेळ घाटांच्या बाजूला मोटारी येऊ नयेत, एवढे नगराने ठरविले तरी पुरे.

मागणी करणाराने आधी आपले काम करावे, असे गुरुजी म्हणत. म्हणून शाळेला एक सुचवितो. यंदा आठवी-नववीच्या मुलामुलींनी या वाटांचा नकाशा करावा. सायकल कोठे जाते, कोठे उतरून ढकलावी लागते, सावली कोठे आहे, पिण्याचे पाणी कोठे, पंक्चर काढणारा कोठे, हे सगळे त्यात असावे. कुंडी भंडाऱ्यापासून राजघाटापर्यंतचा उतारही त्यांनी स्वतःच्या चाकाने तपासावा. हा नकाशा हातात घेऊन आपण महानगरपालिकेच्या दारात जाऊ, तेव्हा आपल्याजवळ तक्रार नव्हे, अभ्यास असेल. मी स्वतः तुमच्याबरोबर येईन.

आजच्या व्याख्यानाचे मानधन आपण मला पाकिटातून दिले आहे. ते मी मुख्याध्यापिकाबाईंकडे परत देतो आणि त्यात माझी थोडी भर घालतो. त्यातून शाळेने चार सायकली आणि एक पंप घ्यावा. ज्यांच्या घरी सायकल नाही त्यांच्यासाठी त्या असाव्यात. चारांपैकी दोन मुलींच्या. हा हिशेब माझ्या बहिणीचा आहे. ती आज पहिल्या रांगेत बसली आहे. छत्री तिने अजून पाहिलेली नाही. येत्या रविवारी आम्ही दोघे रिक्षाने तेथे जाणार आहोत. तुमच्यापैकी ज्यांना सायकलने यावयाचे असेल त्यांनी सकाळी सहा वाजता शनवारा दरवाजापाशी यावे. ज्याला सायकल येत नाही त्याने शनिवारपर्यंत शिकून घ्यावी.